कोकणात पहिली नायट्रो गाडी घेताना

नायट्रो, म्हणजे बॅटरीऐवजी इंधनाच्या छोट्या इंजिनावर पळणारी रिमोटची गाडी घ्यायला निघालेला प्रत्येक जण दुकानदाराला पहिल्यांदा विचारतो, ‘किती पळते?’ रत्नागिरी, मालवण, दापोली, अलिबाग अशा ठिकाणी राहणाऱ्याने त्याआधी तीन गोष्टी विचारायला हव्यात: इंधन कुठून आणणार, मोडलेला पार्ट किती दिवसांत मिळणार, आणि गाडी पळवणार कुठे. या तिन्हींची उत्तरं हातात असली की निवडीला दोन-तीनच गाड्या उरतात. वेगाचं शेवटी बघा. ३.५ सीसीची साधी बग्गी, म्हणजे माती-दगडांतली बुटकी गाडीसुद्धा, ताशी साठ किलोमीटरच्या आसपास जाते, आणि तेवढा वेग नवख्याला आवरत नाही.

इथे मी फक्त माती-दगडांत पळणाऱ्या, म्हणजे ऑफ-रोड गाड्यांबद्दल लिहितो आहे. रस्त्यावरच्या चपट्या गाड्यांना गुळगुळीत आणि मोकळा डांबरी पट्टा लागतो, तो आपल्याकडे सहजी मिळत नाही.

आधी हे ठरवा: नायट्रोच हवी का?

बॅटरीवरची गाडी सोपी असते. चार्ज केली, बटण दाबलं, पळाली. आवाज नाही, धूर नाही, हाताला तेल नाही. तुम्हाला आठवड्यातून जेमतेम अर्धा तास मिळत असेल, किंवा गाडी दहा वर्षांच्या मुलासाठी हवी असेल, तर बॅटरीचीच घ्या, हे मी मनापासून सांगतो. नायट्रो त्याच्यासाठी, ज्याला इंजिन आवडतं. स्क्रू जरासा फिरवल्यावर आवाज कसा बदलतो ते ज्याला ऐकावंसं वाटतं आणि पळवण्याइतकाच वेळ साफसफाईत गेला तरी ज्याची तक्रार नसते, त्याला ही गाडी भरभरून आनंद देते.

हे इंजिन टू-स्ट्रोक असतं, पण स्कूटरच्या इंजिनापेक्षा एका बाबतीत पूर्ण वेगळं. त्याच्या प्लगला स्पार्क नसतो. ग्लो प्लगमध्ये प्लॅटिनमच्या तारेचं बारीक वेटोळं असतं. सुरुवातीला दीड व्होल्टच्या इग्नायटरने, म्हणजे प्लगवर लावायच्या छोट्या बॅटरीने, ते लाल करायचं. इंजिन एकदा लागलं की ज्वलनाची उष्णता आणि प्लॅटिनमची मिथेनॉलबरोबर होणारी प्रक्रिया यामुळे तार तापलेलीच राहते आणि इग्नायटर काढून घेता येतो. म्हणून या इंजिनात पेट्रोल चालत नाही. गावातल्या गॅरेजात गाडी नेली की कोणीतरी विचारतोच, ‘टू-टी ऑइल मिसळून पेट्रोल घातलं तर?’ घालू नका. पेट्रोलवरच्या रिमोट गाड्या वेगळ्या असतात. त्या बहुतेक १:५ आकाराच्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या पाचव्या हिश्श्याएवढ्या, त्यांना स्पार्क प्लग असतो आणि त्यांची किंमतही बरीच वरची.

इंधनाची सोय आधी, गाडी नंतर

नायट्रोचं इंधन म्हणजे मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल यांचं मिश्रण. गाड्यांसाठीच्या इंधनात नायट्रोमिथेन साधारण १६ ते २५ टक्के असतं. ३० टक्क्यांच्या मागे लागायचं पहिल्या गाडीला काही कारण नाही. युरोपात तर २०२१ पासून सामान्य ग्राहकाला १६ टक्क्यांपेक्षा जास्त नायट्रोमिथेनचं इंधन परवान्याशिवाय मिळत नाही. इंजिनाच्या पुस्तिकेत जे प्रमाण दिलं असेल तेच घ्या आणि एकदा घेतलं की तेच ठेवा, कारण प्रमाण बदललं की सगळं ट्यूनिंग, म्हणजे इंजिनात किती इंधन जायचं ते लावणं, नव्याने करावं लागतं. डबा घेताना लेबल वाचा. आपल्याकडच्या हॉबी शॉपमध्ये विमानाचं इंधनही असतं. त्यात नायट्रो कमी आणि तेलाचं प्रमाण वेगळं असतं. गाडीला गाडीचंच इंधन हवं.

हे इंधन मिळतं मुंबई-पुण्याच्या हॉबी शॉपमध्ये. तिथून आपल्यापर्यंत येणं हाच खरा प्रश्न. ज्वलनशील द्रव असल्यामुळे ते साध्या कुरिअरने किंवा पोस्टाने येत नाही. कोकणकन्येने किंवा तुतारीने येणाऱ्या मामाला ‘येताना एक डबा आणा’ असं सांगणं तर अजिबात नको. रेल्वेतून ज्वलनशील पदार्थ नेणं गुन्हा आहे, आणि भरलेल्या डब्यात ते धोक्याचंही आहे. एसटीलाही तोच नियम. म्हणजे स्वतःच्या किंवा ओळखीच्या खासगी गाडीतून, घट्ट झाकणाच्या मूळ डब्यात, डिकीत उभा ठेवून आणायचं. महिन्या-दोन महिन्यांतून मुंबई-पुण्याला खेप करणारं कोणी ओळखीचं नसेल, तर नायट्रो गाडी घेण्याआधी पुन्हा विचार करा.

किती लागेल त्याचा हिशोब सोपा आहे. १:८ बग्गीची टाकी १२५ सीसीची असते आणि ती आठ-दहा मिनिटांत संपते. म्हणजे लिटरभरात आठ टाक्या, तासा-सव्वातासाची पळापळ. नवं इंजिन रनिंगमध्ये, म्हणजे सुरुवातीला हळू चालवून बसवत असताना, अर्धा ते पाऊण लिटर नुसतं त्यातच जातं. पहिल्या खेपेला चारेक लिटर आणलं तर दोन-तीन महिने रविवारचं निभतं.

ठेवण्याबद्दल जरा कडक सांगतो. मिथेनॉल हे तेच द्रव्य, ज्याने विषारी दारूचे बळी जातात. २०१५ साली मुंबईत मालाडच्या मालवणीत शंभरावर माणसं गेली ती यानेच. थोडंसं पोटात गेलं तरी दृष्टी जाऊ शकते. त्यात पुष्कळ इंधनांना गुलाबी-लाल रंग दिलेला असतो. आपल्या घरात कोकम सरबताच्या बाटल्या कुठे-कुठे असतात ते आठवा आणि हे इंधन कधीही, एका दिवसासाठीसुद्धा, दुसऱ्या बाटलीत भरून ठेवू नका. डबा मुलांच्या हाताला लागणार नाही असा, स्वयंपाकघरापासून आणि देवघरातल्या समईपासून लांब, कुलपात ठेवा. मिथेनॉलची ज्वाळा उन्हात जवळजवळ दिसत नाही. भरताना सांडलं आणि पेटलं तर आधी चटका बसतो, मग कळतं. ते पाण्यात मिसळतं, त्यामुळे भरपूर पाणी ओतून विझतं. गाडी पळवायला जाताना पाण्याचा पाच लिटरचा कॅन सोबत न्याच. घरच्या घरी मिथेनॉल आणून मिश्रण करायच्या भानगडीत मुळीच पडू नका.

आपल्या दमट हवेचा आणखी एक त्रास आहे. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. झाकण अर्धवट लावलेला डबा जूनमध्ये ठेवून ऑक्टोबरमध्ये उघडला तर ते इंधन टाकून देण्याच्याच लायकीचं असतं.

कोणता आकार?

इंजिनं घनइंचात ओळखली जातात: १२, १५, १८, २१, २८. म्हणजे घनइंचाचे शंभरावे भाग. १५ चं इंजिन अडीच सीसीचं, १८ चं तीन सीसीचं, २१ चं साडेतीन, २८ चं साडेचारच्या थोडं वर. १५ आणि १८ ही १:१० गाड्यांत बसतात, २१ हे १:८ बग्गीत, २८ मोठ्या मॉन्स्टर ट्रकमध्ये.

दुकानदार नवख्याला बहुतेक १:१० दाखवतो, कारण ती स्वस्त. डांबराला लागून असलेल्या सपाट मैदानावर ती छान पळते. पण आपल्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, तिची चाकं लहान पडतात. जांभ्याचा खडबडीत कातळ, मध्येच अर्धा फूट खळगा, कडेला सुटे चिरे, अशा जागेवर १:१० गाडी दर दोन मिनिटांनी उलटते आणि सस्पेन्शनचे आर्म मोडत राहतात. भाताच्या खाचरात कापणीनंतर जे बुडखे उरतात, त्यांतून तर ती जातच नाही.

माझं मत स्पष्ट आहे. कोकणात पहिली नायट्रो गाडी १:८ बग्गी घ्यावी: २१ चं म्हणजे ३.५ सीसीचं इंजिन, चारही चाकांना ओढ, दोरीने सुरू होणारी, आणि कारखान्यातून जोडून आलेली. तीन-साडेतीन किलोचं वजन खडबडीत जमिनीवर टिकून राहतं, डिफरन्शियल (वळताना दोन बाजूंच्या चाकांना वेगवेगळा वेग देणारे गिअर) बंद खोक्यांत असल्यामुळे धूळ आत जात नाही, आणि मोठं इंजिन ट्यूनिंगमधली थोडी चूक पोटात घालतं. १२-१५ च्या इंजिनात सुई (कार्बोरेटरवरचा, इंधन कमी-जास्त करायचा स्क्रू) जरा इकडची तिकडे झाली की ते लगेच बंद पडतं. बग्गी महाग पडते, इंधनही जास्त पिते, हे खरं. पण स्वस्तात घेतलेली १:१० दोन महिन्यांत माळ्यावर जाते असं मी पुष्कळांच्या घरी पाहिलं आहे.

तुमच्याकडे फक्त खाचरंच असतील, सडा किंवा मैदान नसेल, तर मॉन्स्टर ट्रक बघा. मोठ्या चाकांमुळे तो बुडख्यांवरून जातो. वळताना लवकर उलटतो एवढंच लक्षात ठेवा.

सुरू करायची पद्धतही बघून घ्या. शर्यतीच्या बग्ग्यांना दोरी नसते, त्यांना स्टार्टर बॉक्स लागतो: बॅटरी आणि मोटर असलेला वेगळा डबा. तो पहिल्या गाडीला नको. दोरीवाली घ्या, किंवा हातात धरायच्या इलेक्ट्रिक स्टार्टरवाली.

नाव कोणतं?

क्योशोच्या इन्फर्नो मालिकेतल्या बग्ग्या, होबाओच्या हायपर, ट्रॅक्ससचे टी-मॅक्स आणि रेव्हो, एचपीआयचे सॅव्हेज ट्रक, आणि स्वस्तात एचएसपी ही नावं तुमच्या कानावर येतील. यात चांगलं-वाईट ठरवण्याआधी दुकानात फोन करून एकच चौकशी करा: ‘या गाडीचा पुढचा खालचा आर्म, क्लच बेल, स्पर गिअर आणि ग्लो प्लग आज तुमच्याकडे आहेत का?’ मागवून देतो म्हणाला तर ते उत्तर ‘नाही’ असंच धरा. ज्या गाडीचे हे चार पार्ट मुंबई किंवा पुण्याच्या दुकानाच्या कपाटात आहेत, ती तुमची गाडी. पार्ट कुरिअरने दोन-चार दिवसांत घरी येतात, त्यांना इंधनासारखी अडचण नाही.

परदेशातून थेट मागवायचा मोह टाळा. खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० साली २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. त्यावर बाकीचे कर आणि वाहतूक धरली की वेबसाइटवर दिसणारी किंमत आणि हातात पडणारी किंमत यांचा मेळ राहत नाही.

रेडिओ, म्हणजे हातातला रिमोट आणि गाडीतला रिसीव्हर, २.४ गिगाहर्ट्झचाच घ्या, आणि त्यात फेलसेफ, म्हणजे सिग्नल तुटल्यावर गाडी आपोआप थांबवायची सोय, आहे ना ते दुकानातच तपासा. गाडी चालू न करता, नुसता रेडिओ लावून थ्रॉटल (वेगाचा चाप) थोडा दाबा आणि हातातला रिमोट बंद करा. कार्बोरेटर आपोआप मिटला आणि ब्रेक लागला पाहिजे. बॅटरीची गाडी सिग्नल तुटल्यावर बहुधा थांबते. नायट्रो गाडीचं इंजिन मात्र सिग्नलसाठी थांबत नाही. फेलसेफ नसेल तर साडेतीन किलोचं धूड पूर्ण वेगाने कुठेही जातं. माणूस, गुरं, उभी मोटारसायकल, काहीही मध्ये येऊ शकतं.

जुनी गाडी घेत असाल तर

पुण्या-मुंबईत हौस सरलेले लोक चांगल्या गाड्या निम्म्या किमतीत काढतात. घ्यायला हरकत नाही, पण इंजिन हाताने तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. इंजिन थंड हवं.

गाडी उलटी धरा. खाली फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणारं जड चाक, दिसतं, अंगठ्याने ते हळूहळू फिरवा. या इंजिनाला पिस्टन रिंग नसते. स्लीव्ह, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी, वरच्या टोकाला किंचित निमुळती असते आणि पिस्टन तिथे गच्च बसतो, तीच याची कॉम्प्रेशन. पिस्टन वर येताना अंगठ्याला स्पष्ट अडसर लागला पाहिजे, जरा जोर लावून तो ओलांडावा लागला पाहिजे. फ्लायव्हील कुठेही न अडता गरगर फिरत असेल तर पिस्टन-स्लीव्ह संपलेली आहे, आणि ती जोडी बदलायचा खर्च पुष्कळदा नव्या इंजिनाच्या जवळ जातो. मग फ्लायव्हील चिमटीत धरून वर-खाली हलवा. खटखट लागली तर पुढचं बेअरिंग गेलं. एअर फिल्टर काढा, कार्बोरेटर उघडा करून टॉर्चने आत बघा. क्रँकशाफ्टचा पृष्ठभाग चकचकीत असावा. तांबूस डाग दिसले तर पाणी शिरलं आहे किंवा इंजिन तेल न घालता तसंच ठेवलं होतं. आणि फिल्टरच्या आतल्या बाजूला बोट फिरवा. बोटाला माती लागली तर ती इंजिनातही गेली आहे. पुढे बघायची गरज नाही, उठून या.

हे सगळं ठीक असेल तर सुरू करून घ्या, दहा मिनिटं पळवा, बंद करा आणि लगेच पुन्हा सुरू करायला सांगा. झिजलेलं इंजिन थंड असताना लागतं, गरम झाल्यावर लागत नाही.

जुनी गाडी घाटावरून आणली असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. पुणे आणि कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंच आहेत. तिथे हवा विरळ, म्हणून सुया जास्त मिटलेल्या असतात. तीच गाडी खाली किनाऱ्यावर आणून तशीच पळवली तर दाट हवेला इंधन कमी पडतं आणि इंजिन तापतं. सुरू करण्याआधीच मोठी, म्हणजे पूर्ण वेगाच्या इंधनाची, सुई पाव फेरा उघडा.

गाडीसोबत काय काय घ्यायचं

इग्नायटर आणि त्याचा चार्जर, इंधन भरायची पिचकारीची बाटली, चार जादा ग्लो प्लग, प्लगचा पाना, चांगल्या पोलादाच्या एलन की, स्क्रू सैल होऊ नयेत म्हणून लावायचं निळं थ्रेड लॉक, एअर फिल्टरचे जादा फोम आणि त्यांचं तेल, आफ्टर-रन तेल (पळवून झाल्यावर इंजिन गंजू नये म्हणून आत घालायचं), आणि रिसीव्हरसाठी सहा व्होल्टचा रिचार्जेबल पॅक. नवीन गाडीच्या डब्यात यातलं फारसं काही नसतं. गाडीच्या किमतीच्या चौथा हिस्सा या सामानाला लागतो असं धरून चाला. तापमान मोजायची इन्फ्रारेड बंदूक जमली तर घ्या. स्वस्त एलन कीने स्क्रूचं डोकं गोल झालं की तो स्क्रू काढायला अख्खी संध्याकाळ जाते, तिथे काटकसर नको.

पळवायची कुठे?

पहिलं मनात येतं ते पुळण. ओहोटीला ओली, घट्ट, सपाट, लांबच लांब. पण गाडीसाठी ती सगळ्यांत वाईट जागा आहे. मिठाचं पाणी बेअरिंगमध्ये गेलं की पुढच्या रविवारपर्यंत ती गंजतात, आणि बारीक वाळू फिल्टरमधून वाट काढते. शिवाय वेळास, आंजर्ले, गुहागर अशा किनाऱ्यांवर नोव्हेंबरपासून ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात आणि पिल्लं बाहेर पडायचा काळ मेपर्यंत चालतो. तिथे गाडी न्यायचीच नाही.

सडा उत्तम, पण जागा पारखून. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत: उक्षी, कशेळी, बारसू, देवीहसोळ, रुंढेतळी. २०२२ पासून ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत, आणि नोंद न झालेली चित्रंही मातीखाली असू शकतात. ती जांभ्यात उथळ कोरलेली असतात आणि वरून चालताना पटकन दिसतही नाहीत. गावातल्या जाणत्या माणसाला विचारूनच जागा ठरवा. पावसाळ्यानंतर फुलं असताना सड्यावर गाडी नको.

डिसेंबर सरला की दुसरी काळजी सुरू होते: वणवा. सड्यावरचं गवत वाळून कोळ झालेलं असतं, सायलेन्सर हात लावू नये इतका तापलेला, आणि टाकीत मिथेनॉल. उलटलेली गाडी गवतात पडून राहिली तर काय होऊ शकतं ते सांगायला नको. दर वर्षी वणव्यात आंबा-काजूच्या बागा जातात, एकेका घराचं वर्षाचं उत्पन्न जातं. गवत असेल तिथे जानेवारी ते पाऊस पडेपर्यंत नायट्रो गाडी पळवायची नाही. उघडा कातळ किंवा नांगरलेली जमीन असेल तरच.

मला सगळ्यांत आवडते ती बंद पडलेली चिरेखाण. तळ सपाट आणि टणक, गवत नाही, तीन बाजूंना उभ्या भिंती असल्यामुळे गाडी लांब पळून जात नाही, आवाजही वाडीपर्यंत पोचत नाही. मालकाची परवानगी घ्या, वरच्या काठाशी कोणाला उभं राहू देऊ नका, आणि अर्ध्या खाणीत पाणी साठलं असेल तर ती सोडा. तिथे एकच शत्रू: चिऱ्याची तांबडी भुकटी. ती मैद्याइतकी बारीक आणि कणखर असते, इंजिनात गेली तर पिस्टन-स्लीव्ह घासून काढते. म्हणून चिरेखाणीत दर तीन-चार टाक्यांनी फिल्टरचा फोम बदलायचा. काढलेला फोम रॉकेलमध्ये धुवा, वाळवा, फिल्टरचं तेल लावून पिळा. तेल सगळीकडे सारखं पसरलं पाहिजे, पांढरा कोरडा ठिपका राहता कामा नये.

पहिल्या पाच टाक्या

नवीन गाडी जी पुस्तिका घेऊन येते तिच्यात रनिंगची पद्धत असते. ती पाळा, कंपन्यांच्या पद्धती थोड्या वेगळ्या असतात. सगळ्यांत सारखं ते एवढं: इंजिन भरपूर इंधनावर, हळू, आणि मध्ये मध्ये पूर्ण थंड होऊ देत चालवायचं.

सुरुवात अशी. टाकी भरा. सायलेन्सरच्या टोकावर बोट ठेवून दोरी दोन-तीनदा ओढा, नळीतून इंधन कार्बोरेटरपर्यंत आलेलं दिसेल. बोट काढा. इग्नायटर लावा आणि दोरी वीतभर, झटक्याने ओढा. पूर्ण ओढली तर ती आतून तुटते. दोरी मध्येच घट्ट अडकली तर जोर लावू नका. इंजिनात इंधन तुंबलेलं आहे. इग्नायटर काढा, प्लग काढा, तोंड बाजूला करून गाडी उलटी धरा आणि दोरी ओढा, सगळं इंधन बाहेर उडेल. मग प्लग पुसून लावा. नवीन इंजिन इतकं गच्च असतं की कधी दोरी हलतच नाही. केस वाळवायच्या ड्रायरने डोकं गरम केलं की ते सैल होतं.

लागल्यावर सायलेन्सरमधून निळसर धूर सतत निघाला पाहिजे, तेलाचे थेंबही उडतील. ते बरोबर आहे. पहिल्या दोन टाक्या मोठ्या गोलात हळू फिरवा. दर दोन-तीन मिनिटांनी इंधनाची नळी चिमटून बंद करा आणि थंड होऊ द्या. थंड होताना पिस्टन खाली असला पाहिजे. वर गच्च जागी राहिला तर स्लीव्ह त्याच्याभोवती आवळते आणि ती पकड हकनाक झिजते. प्लग काढून पिस्टन सगळ्यांत खाली आणा आणि त्या जागी फ्लायव्हीलवर मार्करने खूण करा, पुढे प्रत्येक वेळी ती खूण बघून ठेवता येतं. तिसऱ्या टाकीपासून थोडा थोडा वेग. पाचवीनंतर सुईला हात लावायचा.

सुई कशी लावायची

घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवलं की इंधन कमी, उलट फिरवलं की जास्त. एका वेळी फेऱ्याचा आठवा भाग, घाटावरून आणलेल्या गाडीचा तो पहिला पाव फेरा सोडला तर त्याहून जास्त कधीच नाही, आणि प्रत्येक बदलानंतर एक-दोन फेऱ्या पळवून बघायचं. आधी मोठी सुई, पूर्ण वेगाची. मग लहान, कमी वेगाची, मग आयडलचा, म्हणजे गाडी उभी असताना इंजिन चालू ठेवणारा, स्क्रू.

बरोबर लागलेली गाडी पूर्ण वेगात असताना मागे धुराची बारीक रेघ सोडते. धुराचे लोट आणि घोगरा आवाज म्हणजे इंधन जास्त; बिघाड काही होत नाही, फक्त गाडी मंद. धूर नाहीसा, आवाज तीक्ष्ण, आणि थ्रॉटल सोडल्यावरही इंजिन काही क्षण वरच्याच आवाजात राहतं, हे धोक्याचं. तिथल्या तिथे थांबा आणि सुई उघडा. तापमानाची बंदूक नसेल तर इंजिनाच्या डोक्यावर पाण्याचा एक थेंब टाका. तो तीन-चार सेकंदांत चरचरत उडाला तर तापमान साधारण बरोबर, १०० ते १२० अंश सेल्सिअसच्या आसपास. टाकताक्षणी नाहीसा झाला तर इंजिन फार तापलं आहे. नुसता बसून राहिला तर अजून गार आहे.

आपल्या हवेत दिवसातच सेटिंग बदलतं. जानेवारीत सकाळी आठला हवा थंड, कोरडी, दाट असते, इंजिनाला इंधन जास्त लागतं. दुपारी खारा वारा सुटला, दमटपणा वाढला की तेच सेटिंग रिच, म्हणजे इंधन जास्त झाल्यासारखं, वाटतं. म्हणून दुपारी घट्ट केलेली सुई दुसऱ्या सकाळी आधी थोडी उघडा, मगच दोरी ओढा. दर वेळी थोडं रिच ठेवलेलं इंजिन वर्षानुवर्षं चालतं.

पळवून झाल्यावर, आणि पावसाळ्यापूर्वी

नायट्रोमिथेन जळल्यावर आत आम्लयुक्त अवशेष राहतात, मिथेनॉल पाणी ओढतं, आणि बाहेर आपली खारी हवा. एका रात्रीत बेअरिंग गंजायला एवढं पुरेसं आहे. घरी जाण्याआधी, जागेवरच, टाकी रिकामी करा. इंजिन पुन्हा सुरू करून नळीत उरलेलं इंधन जाळून टाका, आपोआप बंद पडेपर्यंत. प्लग काढा, त्या भोकात आणि कार्बोरेटरमध्ये आफ्टर-रन तेलाचे चार-पाच थेंब टाका, दोरी पाच-सहा वेळा ओढा, प्लग लावा, पिस्टन खाली आणा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि ‘उद्या करू’ म्हणायची सोय नाही. मग ब्रशने माती झाडा. पाण्याच्या पाइपखाली गाडी धरू नका.

मेच्या शेवटी, वळवाच्या पहिल्या सरीआधी, गाडी चार महिन्यांसाठी बांधून ठेवावी लागते. चाकं काढून प्रत्येक बेअरिंग बोटाने फिरवून बघा. खरखरतं ते बदला, बाकीच्यांना पातळ तेलाचा थेंब द्या. शॉकमधलं आणि डिफरन्शियलमधलं सिलिकॉन तेल याच वेळी बदललेलं चांगलं. गाडी तिच्या स्वतःच्या चौकटीवर (चॅसीवर) टेकवून ठेवा, म्हणजे शॉकच्या स्प्रिंगवर भार राहत नाही. इंजिनात नेहमीपेक्षा सढळ तेल घाला, कार्बोरेटर आणि सायलेन्सरची तोंडं कापडाच्या बोळ्याने बंद करा, रिसीव्हरचा पॅक काढून वेगळा ठेवा. मग झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवून द्या, भिंतीपासून लांब, कारण आषाढात आपल्या भिंती ओल धरतात. महिन्यातून एकदा डबा उघडून फ्लायव्हील दोन-चार फेरे फिरवा, पुड्या गरम तव्यावर सुकवून परत टाका. उरलेलं इंधन मेमध्येच संपवा, आणि नवीन डबा दसऱ्यानंतरच्या खेपेला आणायला सांगा.